ज्येष्ठांची घरपट्टी: वयावर काही मिळत नाही, मग काय मागायचे?

पुणे किंवा मुंबई महापालिकेच्या खिडकीवर जाऊन ‘ज्येष्ठ नागरिकाची सवलत द्या’ म्हटले, की आतला कारकून मान हलवतो. त्यात त्याचे काही चुकत नाही. दिल्ली महापालिकेत साठी ओलांडलेल्या मालकाला, स्वतः राहत असलेल्या एका घरावर, २०० चौरस मीटर क्षेत्रापर्यंत ३० टक्के सूट मिळते. पुण्या-मुंबईच्या बिलात मात्र वयाचा रकानाच नाही. उत्पन्नाचा दाखलाही कोणी मागत नाही. निवृत्तिवेतन आठ हजार असो की ऐंशी हजार, शेजारशेजारच्या दोन सारख्या फ्लॅटना सारखेच बिल येते.

तरीही कमी उत्पन्नाच्या घरमालकाला बिल बरेच खाली आणता येते, फक्त मागणी दुसऱ्या नावाने करावी लागते. घरात कोण राहते, घर किती मोठे, किती जुने, कोणाच्या नावावर आणि पैसे कोणत्या तारखेला भरले, यावर सगळे ठरते. यातले बहुतेक काही आपोआप मिळत नाही. अर्ज केला नाही तर वर्षानुवर्षे जास्तीचे बिल येत राहते आणि ते बरोबरच आहे असे समजून लोक भरत राहतात.

आधी बिल नीट वाचा

बिलावर करांची लांबलचक यादी असते: सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन कर, वृक्ष कर, जललाभ कर, शिक्षण कर. ही यादी पाहून घाबरायचे कारण नाही. पुण्यासारख्या ठिकाणी हे बहुतेक कर एकाच आकड्यावर बसतात. तो आकडा म्हणजे करयोग्य मूल्य, अर्थात घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल याचा महापालिकेने धरलेला अंदाज, त्यातून दुरुस्तीची १० टक्के वजावट करून. मुंबईत २०१० पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्य, म्हणजे बाजारभावावर आधारलेली घराची किंमत, धरतात. पद्धत कोणतीही असो, हा मूळ आकडा चुकला की खालचा प्रत्येक कर चुकतो. म्हणून एकेका कराबद्दल भांडण्यात अर्थ नसतो, मूळ आकडा तपासायचा असतो.

बिलावर इतके पाहा: मालकाचे नाव, वापर निवासी की बिगरनिवासी, राहणारा स्वतः मालक की भाडेकरू, क्षेत्रफळ, आणि थकबाकी व शास्तीचे (उशिरा भरल्याच्या दंडाचे) रकाने. मागच्या वर्षी पूर्ण पैसे भरूनही थकबाकी दिसत असेल, तर पावती जुन्या खाते क्रमांकावर जमा झालेली असू शकते.

बिलावर सगळा तपशील नसतो. तो आकारणीच्या उताऱ्यात असतो. कर विभागात ‘मालमत्ता कर उतारा’ मागा. ग्रामपंचायतीत याच कामासाठी ‘नमुना ८’चा उतारा मिळतो. खोल्यांचे मोजमाप, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष आणि वापर यांच्या नोंदी तिथे असतात. खरेदीखत किंवा इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा) शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहा. वरचेवर सापडणाऱ्या चुका तीन: बंदिस्त न केलेली बाल्कनी खोली म्हणून धरलेली, पूर्वी कधीतरी चालवलेल्या शिकवणीमुळे किंवा दवाखान्यामुळे एक खोली अजून बिगरनिवासी राहिलेली, आणि बांधकामाचे वर्ष चुकलेले. बिगरनिवासी वापराचा दर निवासीपेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी बंद केलेल्या दवाखान्याची एक खोली सगळे बिल फुगवू शकते. ती नोंद दुरुस्त करण्यासाठी आता तिथे निवासी वापर आहे असा अर्ज, घरगुती दराचे वीजबिल आणि जागेची पाहणी करण्याची विनंती एवढे लागते.

पुण्यात: स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत

पुणे महापालिकेच्या हद्दीत सर्वांत मोठा फरक याच सवलतीने पडतो. मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीच्या वार्षिक भाडेमूल्यात ४० टक्के सूट देण्याची पद्धत १९७० पासून आहे. २०१९ मध्ये राज्य शासनाने ती थांबवली आणि २०२३ मध्ये पुन्हा चालू केली. गोंधळ झाला तो मधल्या काळात. जीआयएस सर्वेक्षणात (मिळकतींच्या संगणकीय नकाशावरच्या पाहणीत) ज्यांची सवलत काढून टाकली गेली आणि ज्यांच्या मिळकतींची नोंद १ एप्रिल २०१९ नंतर पहिल्यांदा झाली, त्यांना ती आपोआप परत लागली नाही. अशांनी ‘पीटी-३’ हा अर्ज भरायचा असतो. ज्यांच्या बिलात सवलत पहिल्यापासून चालू आहे, त्यांना अर्जाची गरज नाही.

फरक किती पडतो ते पाहा. समजा वार्षिक भाडेमूल्य ६०,००० रुपये धरले आहे. सवलत नसेल तर १० टक्के वजा जाऊन करयोग्य मूल्य ५४,००० होते. सवलत असेल तर आधी ६०,००० चे ३६,००० होतात आणि १० टक्के वजा जाऊन ३२,४०० उरतात. हिशोबाच्या सोयीसाठी सगळे कर मिळून करयोग्य मूल्याच्या निम्मे धरले, तर एकाला २७,००० रुपये बिल येईल आणि दुसऱ्याला १६,२००. दर वर्षी १०,८०० रुपयांचा फरक, आणि तोही एका अर्जाचा.

पीटी-३ सोबत काय लागते:

– स्वतः राहत असल्याचे सोसायटीचे पत्र.
– राहण्याचा पुरावा: मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड, रेशनकार्ड यांपैकी जे असेल ते.
– पुणे शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या मालमत्ता कराच्या बिलाची प्रत.
– २५ रुपये शुल्क.

अर्ज आपल्या भागाच्या पेठ निरीक्षकाकडे, विभागीय निरीक्षकाकडे किंवा महापालिकेच्या संपर्क कार्यालयात द्यायचा. दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का घ्या. शिक्का न घेता दिलेला अर्ज हरवला तर तो दिला होता हे कोणी मान्य करत नाही.

सोसायटीच्या पत्रावरून अर्ज सर्वांत जास्त वेळा अडतात. ‘हे आमचे सभासद आहेत’ एवढ्या एका ओळीने काम होत नाही, कारण सभासद कुठेही राहत असू शकतो. पत्र असे हवे: ‘श्रीमती अमुक, सदनिका क्रमांक अमुक, या आमच्या संस्थेच्या सभासद असून सदर सदनिकेत दिनांक अमुकपासून आजतागायत स्वतः कुटुंबासह राहत आहेत. सदनिका भाड्याने दिलेली नाही. मालमत्ता कराच्या सवलतीसाठी हे पत्र देत आहोत.’ खाली सचिव किंवा अध्यक्षाची सही, संस्थेचा शिक्का, नोंदणी क्रमांक आणि चालू वर्षातली तारीख. ‘पासून’ची तारीख विसरू नका. मागच्या वर्षांचा फरक मागायचा असेल तर तीच तारीख आधाराला येते. सोसायटी नसेल, वाडा किंवा स्वतंत्र घर असेल, तर राहण्याचे पुरावे एकाऐवजी दोन-तीन जोडा.

अर्जाचा मजकूरही साधा ठेवा. सवलत का न्याय्य आहे, पेन्शन किती कमी आहे, औषधांना किती खर्च होतो, हे लिहिण्याचा मोह आवरा. निरीक्षकाच्या हातात यातले काही नसते. त्याला एकच गोष्ट नोंदवायची असते: या घरात मालक राहतो की नाही.

नकार बहुतेक पुढल्या कारणांनी येतो.

घर बंद सापडले. मुलाकडे परदेशी किंवा दुसऱ्या गावी चार-सहा महिने जाणाऱ्या जोडप्यांच्या बाबतीत हे हमखास घडते. पाहणीला माणूस येतो, कुलूप पाहतो आणि शेरा मारून जातो. म्हणून पाहणीची वेळ ठरवून मागा. अर्जावर शेजाऱ्याचा किंवा सोसायटीच्या कार्यालयाचा फोन द्या. वर्षभराची घरगुती वीजबिले जपून ठेवा, त्यांवरचा वापर घरात वावर असल्याचे सांगतो.

मालक एक आणि राहणारा दुसरा. फ्लॅट मुलाच्या नावावर आहे, मुलगा बंगळुरूला आणि घरात आई-वडील. कागदावर मालक राहत नाही. अशा वेळी नाते स्पष्ट लिहा, भाडे घेत नसल्याचे मालकाच्या सहीचे पत्र जोडा आणि निर्णय लेखी मागा.

एक खोली भाड्याने. कमी उत्पन्नाच्या घरात वरची खोली विद्यार्थ्याला दिलेली असणे अगदी साहजिक आहे. ती लपवू नका. पाहणीत सापडली तर पूर्ण घराची सवलत धोक्यात येते. भाड्याचा भाग वेगळा मोजून उरलेल्या घरावर सवलत द्यावी, अशीच विनंती करा.

दोन मिळकती. सवलत एकाच घरावर मिळते. ज्या घराचे बिल मोठे त्याच्यासाठी मागा, अर्थात तिथे खरोखर राहत असाल तर.

पुरावे जुन्या पत्त्याचे. पेठेतला वाडा सोडून उपनगरात आलेल्यांच्या मतदार ओळखपत्रावर वाड्याचाच पत्ता असतो. आधी गॅसची नोंद बदला. तीच बहुधा सर्वांत लवकर बदलून मिळते.

अर्ज मंजूर झाला की जास्तीची रक्कम रोख परत मिळत नाही, पुढच्या बिलांतून वळती होते. पुढच्या बिलात ती वजा दिसली नाही तर मंजुरीचे पत्र घेऊन लगेच जा. दोन वर्षे थांबलात तर तोवर निरीक्षक बदललेला असतो.

मुंबईत: ५०० चौरस फूट

मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फूट (४६.४५ चौरस मीटर) चटई क्षेत्रापर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. इथेही वय आणि उत्पन्न कोणी विचारत नाही. चाळीतून पुनर्विकसित इमारतीत आलेल्या बऱ्याच ज्येष्ठांची घरे या मर्यादेत बसतात.

यात घोळ होतो तो क्षेत्रफळाचा. माफी चटई क्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरण्याजोग्या जागेवर आहे, तर जुन्या करारनाम्यांत भिंतींसकटचे बिल्ट-अप क्षेत्र लिहिलेले असते. करारात ५८० लिहिलेले घर चटई क्षेत्राने ५०० च्या आत असू शकते. महापालिकेच्या नोंदीत कोणते क्षेत्र धरले आहे ते पाहा. शंका असेल तर वास्तुविशारदाकडून मोजमापाचा दाखला घेऊन दुरुस्तीचा अर्ज करा. मर्यादेच्या वर गेलेल्या घराला ‘पहिले ५०० माफ’ असे काही नाही, त्याला पूर्ण क्षेत्रावर कर लागतो. म्हणून मधली भिंत काढून शेजारचे दोन छोटे फ्लॅट एक करण्याआधी हा हिशोबही करा. अनेक इमारतींत बिल सोसायटीच्या नावे एकच येते. तिथे आपल्या फ्लॅटपुरती माफी सोसायटीच्या मासिक देयकात उतरली आहे का, हे सचिवाला विचारावे लागते. ही माफी मुंबई महापालिकेपुरती आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत घर असेल तर ती आपोआप लागू होत नाही.

मुंबईच्या भांडवली मूल्यात इमारतीच्या वयाचाही गुणक असतो, इमारत जुनी तसा तो कमी. म्हणून ५०० फुटांच्या वरच्या घरात राहणाऱ्यांनी बांधकामाचे वर्ष आवर्जून तपासावे. इमारत दुरुस्त झाली म्हणून ती नवी होत नाही. भोगवटा प्रमाणपत्रावरची तारीख धरायची.

बिलावरचे नाव बदला

पती जाऊन दहा वर्षे झाली तरी बिल त्यांच्याच नावाने येते, आणि पैसे भरले जातायत म्हणून कोणी लक्ष देत नाही. सवलत मागायला गेल्यावर मात्र हेच आडवे येते. पिंपरी-चिंचवडमध्ये फक्त महिलेच्या नावावर असलेल्या आणि ती स्वतः राहत असलेल्या एका निवासी घराला सामान्य करात ३० टक्के सवलत आहे, ठरलेल्या मुदतीत कर भरला तर. विधवा आईच्या घराला ती मिळायला हवी, पण बिलावर वडिलांचे नाव असेल तर मिळणार नाही. पुण्यातल्या पीटी-३ मध्येही मालक हयात नसेल तर ‘मालक स्वतः राहतो’ हे कसे लिहिणार?

महापालिकेच्या कराधान नियमांप्रमाणे खरेदी-विक्रीचा दस्त झाल्यापासून तीन महिन्यांत आणि मालकाच्या मृत्यूनंतर एका वर्षात हस्तांतरणाची सूचना द्यायची असते. मुदत गेली असली तरी अर्ज करा. वारसाहक्काच्या नोंदीसाठी साधारणपणे मृत्यूचा दाखला, सोसायटीचे भागपत्र किंवा घराचा दस्त, इच्छापत्र असल्यास त्याची प्रत, नसल्यास वारसांची यादी देणारे प्रतिज्ञापत्र व इतर वारसांची संमती, आणि थकबाकी नसल्याची पावती लागते. थकबाकी असेल तर नोंद होत नाही, त्यामुळे भरणा आधी करावा लागतो. मुले वेगवेगळ्या गावी असतील तर सणाला सगळे एकत्र येतात तेव्हाच संमतीपत्रांवर सह्या घेऊन ठेवा. टपालाने सह्या गोळा करण्यात वर्ष जाते.

कराच्या बिलावर नाव लागणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे. तो मालकीचा दस्त नसतो. तरी बिल आणि सवलत यांच्यापुरते हे नाव पुरते.

इथे एक स्पष्ट सल्ला. घरपट्टी वाचेल म्हणून घर हयातीतच मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर करून देऊ नका. मुलाचा त्याच शहरात स्वतःचा फ्लॅट असेल तर सवलत त्याच्या एकाच घराला मिळेल आणि तुमचे बिल उलट वाढू शकेल. शिवाय राहते घर हातातून गेलेले असते ते वेगळेच. बक्षीसपत्र मागे घेणे हे कोर्टकचेरीचे काम आहे.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा

राज्यात माजी सैनिक, शौर्यपदकधारक आणि सैनिकांच्या विधवा यांच्यासाठी मालमत्ता कर माफीची योजना आहे. २०२० पासून शहरी भागातही ती सर्व माजी सैनिकांना लागू झाली. माफी एकाच घराला मिळते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र घ्या, त्यासोबत ओळखपत्र, घर स्वतः वापरत असल्याचे लेखी आणि चालू बिल जोडून कर विभागात द्या. निवृत्तीनंतर गावी राहणाऱ्या अनेकांना ही माफी ग्रामपंचायतीतही मागता येते हे माहीत नसते. काही पाणीपट्टीसारखे आकार माफीत येत नाहीत, तेव्हा बिल शून्य आले नाही म्हणून लगेच तक्रार करू नका, उरलेली रक्कम कशाची आहे ते आधी विचारा.

गावात घर असेल तर

ग्रामपंचायतीची घरपट्टी जमीन आणि बांधकामाच्या भांडवली मूल्यावर ठरते आणि त्यात घराच्या वयानुसार घसारा (जुनेपणाची वजावट) मिळतो. इथे माणसाचे वय चालत नाही, पण घराचे चालते. मातीच्या किंवा दगड-मातीच्या जुन्या घराची नोंद ‘आरसीसी’ (सिमेंट-काँक्रीटचे) म्हणून झाली, किंवा पन्नास वर्षांच्या घराचे वय दहा वर्षे लागले, तर कर विनाकारण चढतो. नमुना ८ मध्ये नेमके हेच दोन रकाने पाहा. पडलेली पडवी, पाडलेला गोठा यांचे क्षेत्रही नोंदीत तसेच राहून गेलेले असते. आकारणी चार वर्षांनी नव्याने होते. यादी प्रसिद्ध झाली की हरकतींची मुदत लहान असते, म्हणून गावात राहत नसाल तर कोणाला तरी सांगून ठेवा. नगरपालिकेच्या गावांतही चतुर्थ वार्षिक आकारणीच्या वेळी हीच काळजी घ्यावी.

सोसायटीमार्फत मिळणारी सूट

पुण्यात सौर ऊर्जा, पावसाच्या पाण्याचे संकलन आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सूट आहे. फ्लॅटमालकाला ती एकट्याने मिळवता येत नाही, सोसायटीने अर्ज करावा लागतो. प्रकल्प नुसता बसवलेला नको, पाहणीच्या दिवशी चालू हवा. सुकलेला गांडूळखताचा खड्डा आणि पाने साचून तुंबलेला गाळणीचा पाइप यांमुळे सूट जाते. रक्कम फार मोठी नसते, पण दर वर्षी मिळते.

भरणा केव्हा आणि कसा

पुण्यात बिल आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला निघते आणि सवलतीच्या ठरलेल्या मुदतीत पूर्ण वर्षाचे पैसे भरले तर सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सूट मिळते. कोणत्या रकमेला किती ते बिलावर छापलेले असते. मुदत संपली की थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. वर्षाला २४ टक्के होतात हे! कोणत्याही बँकेची मुदत ठेव एवढे व्याज देत नाही. हातात रोकड नसेल तर ठेव मोडून घरपट्टी भरणे हिशोबाने बरोबरच ठरते. पन्नास महिन्यांत शास्ती मुद्दलाएवढी होते आणि मग बिल पाहूनच धडकी भरते.

बिल चुकलेले वाटते म्हणून पैसे न भरता थांबणे ही सर्वांत महाग पडणारी चूक. हरकत वेगळी आणि भरणा वेगळा. पैसे भरा आणि त्याच दिवशी ‘हरकत कायम ठेवून भरणा केला आहे’ असे पत्र देऊन पोच घ्या. करयोग्य मूल्य वाढवल्याची विशेष नोटीस आली असेल तर तिच्यावरची मुदत पाहा आणि तिच्या आत लेखी हरकत द्या. सुनावणीला उतारा, दस्त आणि मोजमाप घेऊन जा. निर्णय पटला नाही तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येते, १५ दिवसांत. पण त्यासाठी आधी लेखी हरकत दिलेली असावी लागते आणि मागणीची रक्कम महापालिकेत जमा करावी लागते. तोंडी तक्रारी करून वर्ष घालवणाऱ्यांचा हा मार्ग बंद होतो.

जुनी थकबाकी असेल तर दोन संधी असतात. महापालिका अधूनमधून शास्तीवर मोठी सूट देणारी अभय योजना काढते, आणि लोकअदालतीत शास्तीबाबत तडजोड होऊ शकते. दोन्हीकडे मुद्दल एकरकमी भरण्याची तयारी लागते. अभय योजना पुढच्या वर्षी निघेलच या भरवशावर चालू वर्षाचे बिल मात्र अडवून ठेवू नका. काही योजनांत पूर्वी लाभ घेतलेल्यांना वगळतात. एकदम भरणे अशक्य असेल तर जप्तीची नोटीस यायची वाट न बघता कर विभागाच्या अधिकाऱ्याला हप्त्यांसाठी लेखी विनंती करा आणि पहिला हप्ता अर्जासोबतच भरा. त्याने विनंतीला वजन येते.

ऑनलाइन भरताना महापालिकेचे संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडा. ‘आजच भरा, नाहीतर नळ तोडू’ अशा संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवू नका. खात्यातून पैसे गेले आणि पावती निघाली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी थकबाकी पाहा. खिडकीजवळ घुटमळणाऱ्या एजंटाची गरज कशालाच नाही. पीटी-३ चे शुल्क २५ रुपये आहे आणि तो एजंट त्याच अर्जाचे हजार घेतो.

अर्ज पडून राहिला तर

मालमत्ता कराचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, हस्तांतरणाची नोंद या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहेत. कोणती सेवा किती दिवसांत आणि पहिले अपील कोणाकडे, हे कार्यालयात फलकावर लावलेले असते. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिले अपील करा. अपिलात एक पान पुरते: अर्जाची तारीख, पोचेची प्रत, फलकावरची मुदत आणि काय मिळाले नाही. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे, आणि अपील दाखल झाल्यावर प्रकरण हलल्याचे बऱ्याचदा दिसते.

स्वतः खेटे घालणे जमत नसेल तर साध्या कागदावर अधिकारपत्र द्या: कोणाला, कोणत्या मिळकतीच्या, कोणत्या अर्जासाठी. खाली सही किंवा साक्षीदारासमोर अंगठा, सोबत दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. अधिकारपत्रात ‘अर्ज देणे, पोच घेणे, सुनावणीस हजर राहणे’ एवढेच लिहा. ‘मिळकतीसंबंधी सर्व व्यवहार’ असे शब्द त्यात येऊ देऊ नका, मग समोरचा माणूस कितीही जवळचा असो.